जुना ऑसिलोस्कोप घेताना: कोणती झीज चालते, कोणती नाही

ऑसिलोस्कोप (विजेची लहर पडद्यावर दाखवणारे यंत्र) असो की दुसरे काही, सेकंडहँड उपकरणात झीज असणारच. बघायचे एवढेच, की ती शंभर-दोनशे रुपयांच्या सुट्या भागाने भरून निघेल, की तो भाग आता कुठेच बनत नाही. सुकलेला कपॅसिटर, घरघरणारा पंखा, उडालेला फ्यूज, खरखरणारा पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) या सगळ्या तक्रारी भाव पाडायला उत्तम. पण पडद्याची काचेची ट्यूब थकलेली असेल, कंपनीने स्वतःपुरता बनवून घेतलेला आयसी गेला असेल किंवा अ‍ॅटेन्युएटरचा (येणारा सिग्नल कमी करणाऱ्या भागाचा) स्विच आतून तुटला असेल, तर भाव कितीही उतरो, वस्तू जागेवर ठेवून पुढे जावे. सुट्या भागांसाठीच घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी, आणि मग भावही भंगाराचाच द्यावा.

इथे मुख्य भर ट्यूबवाल्या अ‍ॅनालॉग ऑसिलोस्कोपवर आहे, कारण नवशिक्याच्या हाती पहिल्यांदा तोच येतो आणि फसगतही त्यातच जास्त होते. डिजिटल स्कोप, मल्टिमीटर आणि पॉवर सप्लायचे नंतर थोडक्यात.

माल कुठून येतो

महाराष्ट्रातला बहुतेक जुना माल कॉलेजांच्या आणि पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळा, एमआयडीसीतले बंद पडलेले किंवा यंत्रे बदललेले कारखाने आणि सरकारी लिलाव या तीन वाटांनी येतो. तो फिरत फिरत मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आसपास, चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पोचतो. सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांचे सामान एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघते, पण तिथे 'जसे आहे, जिथे आहे' ही अट असते आणि माल लॉटने घ्यावा लागतो. एका स्कोपसाठी तो उद्योग नवशिक्याने करू नये.

आला कुठून हे कळले तर झीज कुठे शोधायची हेही कळते. कॉलेजच्या स्कोपची ट्यूब बऱ्याचदा चांगली निघते, कारण वर्षातले मोजके तासच तो चालू असतो. पण त्याची बटणे, बीएनसी सॉकेट (सिग्नलची केबल लावायचे गोल तोंड) आणि नॉब विद्यार्थ्यांनी पिळून काढलेले असतात. कारखान्यातल्या टेस्ट बेंचवरचा स्कोप नेमका उलट: नॉब वर्षानुवर्षे एकाच जागी, म्हणून स्विच ठणठणीत, आणि ट्यूबवर मात्र त्याच एका लहरीचा कायमचा डाग.

आपल्याकडे सर्वात जास्त दिसतो तो इंदूरच्या सायंटिफिक मेस-टेक्निकने जर्मन हॅमेगच्या सहकार्याने बनवलेला एचएम२०३, २० मेगाहर्ट्झचा दोन चॅनेलचा स्कोप. ठाण्याच्या अ‍ॅपलॅबचे स्कोप आणि पॉवर सप्लायही खूप. पहिल्या खरेदीला हे देशी स्कोप बरे. आतले बहुतेक भाग साधे, बाजारात मिळणारे आहेत आणि ते उघडून दुरुस्त केलेली माणसे भेटतात. टेक्ट्रॉनिक्सचा २४६५ मिळाला तर मोह होतो, आणि तो स्कोप आहेही तसाच. पण त्यातला यू८०० हा आडव्या डिफ्लेक्शनचा आयसी तापतो, मरतो आणि नवा मिळत नाही, हे माहीत असूनच पैसे मोजावेत.

पिशवीत काय न्यावे

दुकानदार 'चालू कंडिशन' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ स्क्रीनवर रेघ दिसते एवढाच असतो. बाकीचे आपण तपासायचे. त्यासाठी स्वतःचा, नीट चालणारा ×१/×१० प्रोब (सिग्नल जसाच्या तसा किंवा दहाव्या हिश्शाने आत नेणारी टोकाची तार), एक बीएनसी केबल, हातातला मल्टिमीटर, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, १ मेगओहमचा १ टक्क्याचा रेझिस्टर, छोटा पेचकस आणि टॉर्च एवढे हवे. दुकानातला प्रोब वापरू नये. प्रोब खराब की स्कोप, यावर वाद घालण्यात अर्धा तास जातो.

याशिवाय झिरो बोर्डावर (भोकांच्या सोल्डर बोर्डावर) एक छोटा सिग्नल सोर्स करून ठेवावा: ९ व्होल्टची बॅटरी, ५ व्होल्ट देणारा ७८०५ आयसी, चार पायांचा १ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर आणि त्याच्या पुढे ७४एसी१४ या जलद लॉजिक आयसीचे एक गेट. आयसीच्या पायांना लागून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर विसरू नये, नाहीतर लहरीवर शिंगे दिसतात आणि दोष स्कोपला जातो. क्रिस्टलची चूक टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते आणि जुन्या स्कोपचा टाइमबेस (रेघेचा वेग ठरवणारा भाग) ३ टक्क्यांचा, त्यामुळे वेळ तपासायला यापेक्षा महाग काही लागत नाही.

वीज देण्याआधी

आधी मागची बाजू बघावी. अमेरिकेतून आलेल्या उपकरणाचा व्होल्टेज सिलेक्टर ११५ वर असू शकतो. तो तसाच २३० व्होल्टला लावला तर नशीब चांगले असेल तर फ्यूज जातो, नसेल तर ट्रान्सफॉर्मर किंवा एसएमपीएसचे (स्विचिंग पॉवर सप्लायचे) मोठे कपॅसिटर जातात. सिलेक्टर २३० वर फिरवला की फ्यूजही बदलावा लागतो. २३० व्होल्टला करंट निम्मा, म्हणून फ्यूजही साधारण निम्म्याचा, नेमका आकडा मागे छापलेला असतो. फ्यूज होल्डर उघडून बघावाच. आत तांब्याची तार किंवा चांदीचा कागद गुंडाळलेला निघाला, तर आधी काहीतरी जळून गेले आहे आणि कोणीतरी ते दाबून चालवले आहे.

मग अर्थिंग. मल्टिमीटरचे एक टोक प्लगच्या जाड पिनवर आणि दुसरे बीएनसीच्या बाहेरच्या कड्यावर ठेवावे, १ ओहमच्या आत आले पाहिजे. ओपन दाखवले तर स्कोप 'फ्लोट' करण्यासाठी, म्हणजे जमिनीपासून तोडण्यासाठी, कोणीतरी अर्थ कापली आहे. अशा स्कोपच्या धातूच्या भागांवर मेन्सचे व्होल्टेज येऊ शकते. घेतलाच, तर वापरण्याआधी अर्थ जोडणे हे पहिले काम.

टॉर्च तिरका धरून बंद स्क्रीन बघावा. मध्यभागी आडवी तपकिरी रेघ किंवा ठिपका दिसला तर तिथला फॉस्फर (काचेवरचा उजळणारा थर) जळला आहे. फिकट रेघ चालते, गडद चालत नाही. झाकणाचे स्क्रू बघावेत: डोकी चेचलेली, दोन वेगळ्या जातीचे स्क्रू, एखादा गायब, म्हणजे आत हात फिरलेला आहे. कॅलिब्रेशनचे स्टिकर सगळे वाचावे. त्यावर 'रिजेक्टेड' किंवा 'फॉर इंडिकेशन ओन्ली' असे शिक्के असतात आणि विक्रेत्याला ते काढायचे सुचलेले नसते.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात पडून राहिलेला स्कोप लगेच चालू करायला लावू नये. ओल धरलेल्या हाय व्होल्टेज भागात ठिणगी पडून चांगला स्कोप तिथल्या तिथे जातो. एक-दोन दिवस कोरड्या, उबदार जागी ठेवून मगच वीज द्यावी. पहिल्यांदा देताना ६० ते १०० वॅटच्या साध्या बल्बचा सिरीज बोर्ड लावला तर उत्तम. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भकाभक पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. एसएमपीएसवाला स्कोप सिरीजमध्ये टकटक करत सुरूच होत नाही, त्यावरून निष्कर्ष काढू नये.

आणि बाजारात झाकण उघडून आत बोट घालू नये. ट्यूबच्या मागे हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही काळ टिकतात.

ट्यूब

चालू केल्यावर रेघ यायला ट्यूबवाल्या स्कोपला काही सेकंद लागतात. घाई करू नये, वीस मिनिटे तापू द्यावा. विक्रेत्याला घाई असेल तर त्याच वेळी तीन दुकाने फिरून यावे.

परत आल्यावर इंटेन्सिटीचा नॉब मध्यावर ठेवून १ मिलिसेकंद/डिव्हिजनला (आडव्या एका चौकटीला १ मिलिसेकंद) रेघ बघावी. नॉब शेवटपर्यंत फिरवल्यावरच जेमतेम दिसत असेल तर ट्यूबची एमिशन (इलेक्ट्रॉन सोडण्याची ताकद) संपत आली आहे. फोकस फिरवताना रेघ बारीक होऊन पुन्हा जाड व्हायला हवी. म्हणजे सर्वात बारीक जागा नॉबच्या मधे कुठेतरी यावी, टोकाला नाही. टोकाला येत असेल तर फोकसच्या साखळीतला एखादा मोठ्या किमतीचा रेझिस्टर सरकला आहे. हा दोष दुरुस्त होतो. इंटेन्सिटी वाढवताना चित्र नुसते उजळ न होता आकारानेही फुगत असेल तर हाय व्होल्टेज सप्लाय दम तोडतो आहे, आणि तो नवशिक्याने स्वतः दुरुस्त करायचा भाग नाही.

एक गोष्ट मात्र ट्यूबच्या माथी मारू नये. एचएम२०३सारख्या स्कोपमध्ये अ‍ॅक्सिलरेशन (इलेक्ट्रॉन पडद्याकडे खेचणारे) व्होल्टेजच सुमारे २ हजार आहे, त्यामुळे सर्वात जलद स्वीपला (रेघ धावण्याच्या वेगाला) रेघ फिकी दिसणे हा त्याचा स्वभाव आहे. तो तसा नवा असतानाही होता. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपमध्ये असे दिसले तर मात्र काळजीचे. रेघ थोडी तिरकी असेल तर पुढच्या बाजूचा ट्रेस रोटेशनचा स्क्रू फिरवून सरळ होते का बघावे. होत असेल तर तो दोषच नाही.

अ‍ॅटेन्युएटर आणि इनपुट: खरी परीक्षा इथे

बाजारात सगळे लोक रेघ बघतात, स्विच कोणी फिरवत नाही. म्हणून सर्वात जास्त वेळ इथे घालवावा.

स्कोप बंद करून बीएनसीच्या मधल्या पिनवर आणि कड्यावर मल्टिमीटर लावावा. कपलिंगचे बटण (डीसी, एसी, ग्राउंड) डीसीवर असेल तर दोन टक्क्यांच्या आत १ मेगओहम आला पाहिजे, एसीवर ओपन. प्रत्येक व्होल्ट/डिव्हिजनच्या (एका चौकटीला किती व्होल्ट हे ठरवणाऱ्या नॉबच्या) जागेवर हे बघावे. एखाद्याच जागी आकडा वेगळा आला तर त्या पायरीचा रेझिस्टर भाजला आहे किंवा कॉन्टॅक्ट गेला आहे. काही स्कोपमध्ये कपलिंग रिलेने होते, तिथे ही चाचणी चालू ठेवून करावी. ५० ओहमचे इनपुट असेल तर तिथे ५० च हवे. कोणीतरी ५ व्होल्ट आरएमएसपेक्षा (एसीच्या परिणामी मूल्यापेक्षा) जास्त दिलेले असले तर तो आतला रेझिस्टर हमखास गेलेला असतो.

आता स्कोप चालू, व्हेरिएबलचे नॉब 'कॅल'च्या खटक्यात. हे विसरल्यामुळे चांगल्या स्कोपवर खोटे आरोप होतात. समोरच्या कॅलिब्रेटरला (चाचणीची लहर देणाऱ्या टोकाला) प्रोब ×१ वर ठेवून लावावा. एचएम२०३वर ०.२ आणि २ व्होल्टची चौकोनी लहर मिळते: ५० मिलिव्होल्टच्या जागेवर ०.२ व्होल्ट बरोबर ४ डिव्हिजन, ०.५ व्होल्टच्या जागेवर २ व्होल्ट पुन्हा ४ डिव्हिजन. ५ मिलिव्होल्टची जागा बघायला प्रोब ×१० वर टाकून ०.२ व्होल्टचा २० मिलिव्होल्ट करावा, परत ४ डिव्हिजन. वरच्या जागांना बॅटरी वापरावी. ९ व्होल्ट म्हणजे २ व्होल्टच्या जागेवर ४.५ डिव्हिजनची उडी, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये म्हणजे २० व्होल्टच्या जागेवर ०.९. कपलिंग अर्थातच डीसी. बॅटरीचे खरे व्होल्टेज आधी मल्टिमीटरने मोजून घ्यावे, नवी बॅटरी नऊपेक्षा जास्तच दाखवते. ३ टक्के चूक कंपनीलाच मान्य असते. ६ डिव्हिजनच्या लहरीत ती साधारण एका छोट्या रेघेएवढी भरते, तेवढ्यावरून भांडू नये.

आकड्यापेक्षा हाताला काय लागते ते महत्त्वाचे. नॉब हलकेच डावी-उजवीकडे डुलवावा. लहर उडाली, नाहीशी झाली आणि परत आली तर कॉन्टॅक्ट मळले आहेत. दहा-पंधरा वेळा पूर्ण फिरवल्यावर सुधारली तर समजावे मळच होता, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा कॉन्टॅक्ट क्लिनरने जाईल. सुधारलीच नाही, किंवा नॉबला खटकाच लागत नसेल, तर स्विचची यंत्रणा झिजली आहे आणि तसा स्विच दुसऱ्या मेलेल्या स्कोपमधूनच मिळेल. डब्ल्यूडी-४०चा फवारा कोणी सुचवला तर कानाडोळा करावा. त्याची तेलकट फिल्म धूळ धरते, आणि १ मेगओहमच्या सर्किटभोवती ती नकोच.

एकदा इनपुट ग्राउंडवर टाकून व्होल्ट/डिव्हिजनचा नॉब सगळ्या जागांवरून न्यावा. रेघ जागेवरून हलता कामा नये. थोडी हलत असेल तर डीसी बॅलन्सच्या स्क्रूने बसते. शेवटी प्रोबचा ट्रिमर (जुळवणीचा छोटा स्क्रू) फिरवून चौकोनी लहरीचे माथे एका जागेवर सपाट करावे आणि मग इतर जागा बघाव्यात. एका जागेवर सपाट आणि दुसऱ्यावर टोकदार किंवा गोल येत असेल तर आतल्या पायरीचे कॉम्पेन्सेशन (जलद-मंद सिग्नलचा तोल) बिघडले आहे. ट्रिमर शाबूत असेल तर हे जुळवता येते. हे सगळे दुसऱ्या चॅनेलवर पुन्हा. कंटाळा येतो, पण बहुतेक वेळा दुसरा चॅनेलच आजारी निघतो.

वेळ, ट्रिगर, बँडविड्थ

क्रिस्टलची १ मेगाहर्ट्झ लहर १ मायक्रोसेकंद/डिव्हिजनवर लावली की दहा डिव्हिजनमध्ये दहा लहरी बसतात. नुसती बेरीज बघू नये. प्रत्येक लहर आपापल्या रेघेवर पडते का बघावे. डावीकडच्या दाटीने आणि उजवीकडच्या विरळ बसल्या तर स्वीप सरळ नाही. टाइमबेसच्या नॉबचीही डुलवून परीक्षा घ्यावी.

ट्रिगर (लहर पडद्यावर स्थिर धरणारा भाग) दोन्ही चॅनेलवरून, चढत्या आणि उतरत्या दोन्ही काठांवर, ऑटो आणि नॉर्मल दोन्हींत लागला पाहिजे. दाबायची बटणे खोलच राहत असतील तर बहुधा नुसता मळ असतो.

बँडविड्थ (किती जलद सिग्नल दाखवता येतो ती मर्यादा) दुकानात नीट मोजता येत नाही, पण अंदाज येतो. चढायचा वेळ म्हणजे ०.३५ भागिले बँडविड्थ: २० मेगाहर्ट्झला १७.५ नॅनोसेकंद, १०० मेगाहर्ट्झला ३.५. ७४एसी१४ची कडा फार जलद असते, त्यामुळे एचएम२०३वर ०.२ मायक्रोसेकंद आणि ×१० करून, म्हणजे २० नॅनोसेकंद/डिव्हिजनवर, १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंतचा चढ साधारण एका डिव्हिजनच्या आत दिसायला हवा. दीड-दोन डिव्हिजन लागली तर कुठलातरी अ‍ॅम्प्लिफायर आळसावला आहे. लांब, सैल ग्राउंडची तार प्रोबला असेल तर चढावर लाटा दिसतात, तो दोष स्कोपचा नव्हे.

एचएम२०३च्या काही मॉडेलांवर कॉम्पोनंट टेस्टर (सुटे भाग तपासायची सोय) असतो. त्याची सॉकेटे उघडी ठेवली तर आडवी रेघ, तारेने जोडली तर उभी. चालत असेल तर हा बोनस समजावा.

डिजिटल स्कोप, मल्टिमीटर, पॉवर सप्लाय

डिजिटल स्कोपमध्ये सेल्फ-टेस्ट आणि सेल्फ-कॅलिब्रेशन करून घ्यावे, तेही वीस मिनिटे तापल्यावर. एनकोडर नॉब हळू फिरवताना आकडे मागे-पुढे उडत असतील तर एनकोडर बदलावा लागेल, खर्च किरकोळ. नव्वदच्या दशकातल्या टेक्ट्रॉनिक्सच्या टीडीएस ५०० ते ७०० मालिकेतल्या सुरुवातीच्या मॉडेलांत बोर्डावरचे एसएमडी कपॅसिटर गळतात आणि त्यांचे द्रव खालचे तांबे खाते. सेल्फ-टेस्ट फेल होणे आणि माशासारखा वास ही त्याची खूण. जिथे कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत असतात, तिथे ती बॅटरी संपली की आकडेही जातात. सोल्डरिंग आयर्न हातात घेण्याआधी त्या मेमरीची नक्कल काढायची असते.

बेंच मल्टिमीटरमध्ये एचपी/अ‍ॅजिलेंट ३४४०१ए खूप दिसतो. आकडा भलताच आला तर आधी पुढच्या बाजूचे फ्रंट/रिअर बटण बघावे. ते रिअरवर राहिल्यामुळे 'बंद' म्हणून स्वस्तात विकला जाणारा मीटर तुमच्या भाग्याचा. डिस्प्ले फिका असेल तर ते वापराच्या तासांचे मीटरच समजावे. इनपुटला गळती आहे का हे बघायची सोपी रीत: ९.०० व्होल्टची बॅटरी १ मेगओहमच्या रेझिस्टरमधून मोजावी. १० मेगओहम इनपुटच्या मीटरवर ८.१८ आले पाहिजे. याहून बरेच कमी आले तर संरक्षणाचे भाग गळत आहेत. फ्लूक ८७-५ या हातातल्या मल्टिमीटरचे फ्यूज न उघडता कळतात. ओहमवर ठेवून व्होल्टच्या जॅकमधली तार 'ए' जॅकमध्ये घातली की ०.५ ओहमच्या आत, मिलिअँपिअरच्या जॅकमध्ये १ किलोओहमच्या आसपास. तिथे साधा काचेचा फ्यूज घातलेला निघाला तर खरा १००० व्होल्टचा फ्यूज घेण्याचा खर्च भावात धरावा, तो स्वस्त नसतो.

पॉवर सप्लायचा व्होल्टेज पॉट अगदी हळू फिरवावा. मधेच आकडा उडी मारत असेल तर पॉट आधी बदलायचा आणि मगच सर्किट जोडायचे, कारण वायपर सुटला तर काही सप्लाय पूर्ण व्होल्टेज बाहेर टाकतात. लोड म्हणून गाडीचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब लावावा, पावणेदोन अँपिअर घेतो. आउटपुटवर १०० हर्ट्झची करवत दिसली तर फिल्टर कपॅसिटर सुकले आहेत. साधे काम आहे, त्यासाठी घेणे टाळू नये, फक्त भाव कमी करावा.

भाव आणि नंतरचे

घासाघीस करताना नव्या, साध्या डिजिटल स्कोपची त्या आठवड्याची किंमत माहीत असावी. जुना २० मेगाहर्ट्झचा अ‍ॅनालॉग त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा महाग घेण्यात अर्थ नाही. त्यात दोन चांगल्या प्रोबची किंमत मिळवावी, कारण ते सोबत येत नाहीत. 'घरी जाऊन बघा, नाही चालला तर परत आणा' हे पावतीवर तारखेसह लिहून घ्यावे. लिहायला तयार नसेल तर तोच भाव पुन्हा खाली आणायचा मुद्दा.

स्कोप आणताना पायांवर उभा, सीटवर, खाली गादी किंवा फोम असा आणावा. डिकीत आडव्या टाकलेल्या स्कोपच्या ट्यूबची मान एका खड्ड्यात जाते. घरी आल्यावर झाकण उघडायचे असेल तर प्लग काढून काही तास जाऊ द्यावेत, आणि तरीही ट्यूबच्या जाड वायरला हात लावू नये. मेन्सच्या तोंडाशी पिवळसर पारदर्शक, तडे गेलेला रिफा कंपनीचा कागदी कपॅसिटर दिसला तर तो स्कोप चालू असला तरी काढून टाकावा. ओल शिरली की तो दुर्गंधी धूर काढून फुटतो. जागी त्याच किमतीचा, २७५ व्होल्ट एसीचा एक्स२ जातीचा पॉलिप्रोपिलीन कपॅसिटर बसतो.

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबकडून कॅलिब्रेशन करून घेण्याची घाई करू नये. लॅब उपकरण किती चुकते ते मोजून कागद देते, ॲडजस्टमेंट वेगळी सांगावी लागते, आणि २० मेगाहर्ट्झच्या स्कोपला हा खर्च त्याच्या किमतीएवढा होऊ शकतो. ज्याला ग्राहकाला रिपोर्ट द्यायचा नाही, त्याला क्रिस्टल ऑसिलेटर आणि एक भरवशाचा मल्टिमीटर पुरतो.